गाण्याची जागा

हिंवाळा सुरू झाला आणि असोद्याच्या शिवारांत वांगीं भरूं लागलीं, कीं गांवांत भरताचे बेत ठरूं लागतात. बेत ठरतांना कोण कोण यावयाचें याचा विचार मागाहून होतो. पहिला प्रश्न असतो तो जागेचा. कोणाच्या मळ्यांत जावयाचें, तेथें वाळलेल्या पऱ्हाट्या आहेत काय, विहिरीचें पाणी जवळ आहे काय, बडगी आणि मुसळ कोणाकडून आणावयाचें, हें ठरल्यावांचून वांग्याला हात लागत नाहीं. तेंच वांगें, तीच हिरवी मिरची आणि तेंच मीठ घेऊन शहरांतील एखाद्या हॉटेलांत गॅसच्या शेगडीवर भरीत केलें, तर त्यालाही भरीतच म्हणतात; पण खानदेशी मनुष्य पहिल्याच घासाला ओळखतो कीं यांत कांहीं तरी उणें आहे. पदार्थाला जशी जागा लागते तशी ती गाण्यालाही लागते. ही गोष्ट मात्र तितक्या सहजपणें ध्यानांत येत नाहीं.

अलीकडे खानदेशांतून गोव्यास जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. भुसावळ-मनमाड मार्गें जाणारी गोवा एक्सप्रेस आहेच; २०२४ सालीं जळगांवाहून गोव्यास विमानही सुरू झालें. असोद्याचें एखादें कुटुंब शेतीच्या कामांतून सवड काढून चार दिवस गोव्यास गेलें, तर त्यांचे दिवस कसे जावयाचे हें ठरल्यासारखेंच असतें. मंगेशी आणि शांतादुर्गा यांचें दर्शन, जुन्या गोव्यांतील भव्य चर्चें आणि समुद्राचा किनारा यांत दिवस संपतो. प्रश्न येतो तो रात्रीचा. मांडवी नदींत दिव्यांनीं झगमगणाऱ्या नौका फिरतात. त्यांवर तासभर नाचगाणें होतें, कर्ण्यांचा आवाज तीरावर ऐकूं येतो आणि खालीं उतरणारा प्रवासी म्हणतो कीं, आज पोर्तुगीज संगीत ऐकलें. त्यानें जें पाहिलें त्यांत कोरिदिन्यो नांवाचा पोर्तुगीज लोकनृत्याचा एखादा तुकडा असेलही; परंतु पोर्तुगालच्या लोकांनीं जें गाणें आपल्या अंतःकरणाचें म्हणून जपलें, तें त्या नौकेवर सहसा सांपडावयाचें नाहीं. त्या गाण्याचें नांव फादो. तें ऐकावयाचें असेल तर जागा निवडावी लागते, आणि ती कशी निवडावी हाच या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां हा चैनीचा प्रश्न वाटेल. तसा तो नाहीं, हें पुढें दिसून येईल.

फादो हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘फातुम्’ या शब्दापासून निघाला. त्याचा अर्थ दैव, ललाटींचा लेख. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिस्बन शहराच्या आल्फामा, मोरारिया यांसारख्या दाट आणि गरीब वस्त्यांतून हें गाणें रूढ झालें. खलाशी, बंदरावरचे हमाल, रस्तोरस्तीं माल विकणाऱ्या बायका आणि मद्यगृहांतील स्त्रिया हे त्याचे पहिले गाणारे आणि पहिले ऐकणारे. मोरारिया वस्तींतील मारिया सेव्हेरा ही या गाण्याची आद्य गायिका मानली जाते. ती १८२० सालीं जन्मली आणि १८४६ सालीं, अवघ्या सव्विसाव्या वर्षीं वारली. फादो गाणाऱ्या स्त्रिया आजही खांद्यावर काळी शाल घेतात, ती तिच्या स्मरणार्थ असें मानतात. १९३१ सालीं पोर्तुगालचा पहिला बोलपट निघाला तोही तिच्याच कथेवर.

या गाण्याचा स्थायी भाव दर्शविण्यासाठीं पोर्तुगीज लोक ‘सौदाद’ असा एक शब्द वापरतात. गेलेल्या माणसाची, दूर राहिलेल्या घराची, परत न येणाऱ्या काळाची जी गोड आणि बोचरी आठवण, ती सौदाद. मराठींत ‘हुरहूर’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. असोद्याच्या श्रोत्याला येथें एक विरोध मनोरंजक वाटेल. फादो दैवापाशीं बसून रडतो. आणि याच असोद्यास २४ ऑगस्ट १८८० रोजीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची, दैव सांगावयास आलेल्या ज्योतिषाला दारांतूनच परत पाठविणारी कविता महाराष्ट्रभर ठाऊक आहे. वैधव्य, प्लेग आणि दारिद्र्य पाहिलेल्या त्या बाईंनीं दैवाकडे ज्या नजरेनें पाहिलें ती नजर फादोची नव्हे. तथापि दोहोंचें मूळ एकाच मातींत आहे. ज्यांना लिहितां येत नव्हतें अशा माणसांनीं आपलें दुःख सांगण्यासाठीं जें साधन हातीं घेतलें, तें गाणें होय.

आणखी एक साम्य आहे. फादोच्या ‘मेनोर’, ‘कोरिदो’ आणि ‘मोरारिया’ या तीन जुन्या चाली आहेत. चाल तीच, पण प्रत्येक गाणारा तिच्यांत वेगळें पद्य बसवितो आणि तीच चाल कधीं थांबवून, कधीं ताणून आपलीशी करतो. आपल्याकडील ओवी ज्यानें ऐकली आहे त्याला हें नवें नाहीं. ओवीची चाल घराण्याला एक असते, बोल मात्र प्रत्येक सासुरवाशिणीचे निराळे असतात. म्हणून अशा गाण्यांत शब्द ऐकूं येणें अगत्याचें. शब्द हरवला कीं उरते ती नुसती चाल, आणि चाल तर सर्वांना आधींच माहीत असते.

साथीला दोन वाद्यें असतात. एक नेहमींचें गिटार, ज्याला पोर्तुगीज लोक ‘व्हियोला’ म्हणतात. तें ताल आणि खर्ज सांभाळतें. दुसरें खास पोर्तुगीज गिटार, पेरूच्या आकाराच्या तुंब्याचें, बारा तारांचें. या तारा दोन-दोनांच्या सहा जोड्यांत लावलेल्या असतात आणि त्या नखांनीं छेडतात. तिचा नाद चांदीच्या घुंगरासारखा बारीक आणि थरथरता असतो. गायक ओळ सोडतो तेथें ही गिटार ती उचलते, त्याला उत्तर देते आणि पुन्हा त्याच्या हातीं सोंपविते. हा संवाद ऐकावयास मिळाला तरच फादो ऐकला असें म्हणावें.

आतां हें सर्व लहान जागेंतच कां, असा प्रश्न येईल. मराठी माणसाला याचें उत्तर घरांतच आहे. लावणीचे दोन प्रकार आपण जाणतों. एक फडाची लावणी आणि दुसरी बैठकीची. फडावर हजार माणसें बसतात. तेथें ढोलकीची थाप, घुंगरांचा ठेका, शिट्ट्या आणि फेटे उडणें हें सारें शोभतें. बैठकीच्या लावणींत गाणारी बसून गाते. एकच ओळ ती दहा प्रकारांनीं सांगते, आणि प्रत्येक प्रकारांत चेहऱ्यावरचा, हातावरचा भाव बदलतो. हा भाव पांचव्या रांगेच्या पलीकडे पोंचत नाहीं. बैठकीची लावणी फडावर नेली तर ती वाईट होत नाहीं. ती दिसेनाशी होते. फादोचें अगदीं असेंच आहे. गायिका डोळे मिटते, मान किंचित् मागें टाकते, एक श्वास अर्ध्यावर थांबविते. या थांबण्यांत जें आहे तें ध्वनिवर्धकांतून मोठें करून सांगतां येत नाहीं. लिस्बनच्या जुन्या फादोगृहांत म्हणूनच गाणें सुरू होण्यापूर्वीं दिवे मंद करतात, वाढपी थांबतात आणि आतां फादो गाइला जाणार, शांत राहा, असें मोठ्यानें सांगतात. तीन-चार गाणीं झालीं कीं थोडी विश्रांति, तेव्हां जेवण आणि बोलणें. मग पुन्हा शांतता. जेवण आणि गाणें एकाच छपराखालीं असतात, पण एकाच क्षणीं नसतात. या एका नियमांत त्या जागेचें सर्व शील सामावलें आहे.

कोणी म्हणेल, हें तर राज्यकर्त्यांचें गाणें. ज्यांनीं १५१० ते १९६१ पर्यंत गोवा दाबून ठेविला, त्यांचें गाणें पैसे देऊन कां ऐकावें? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर देणें प्राप्त आहे. फादो हा गव्हर्नराच्या प्रासादांत जन्मला नाहीं. १९२६ सालीं पोर्तुगालांत लष्करी हुकूमशाही आली. दुसऱ्याच वर्षीं निघालेल्या फर्मानानें फादो गाणाऱ्यास परवाना लागूं लागला आणि गाण्याचे शब्द सरकारी तपासणींतून जाऊं लागले. मद्यगृहांत जो उत्स्फूर्तपणें पद्य जुळवीत असे, त्याला आतां आधीं मंजूर झालेलें पद्यच म्हणावें लागे. त्या हुकूमशाहींतूनच सालाझारची राजवट उभी राहिली, आणि त्याच राजवटीच्या शिपायांनीं १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या. म्हणजे ज्या हातानें सत्याग्रही मारले त्याच हातानें लिस्बनच्या गरीब गायकाच्या तोंडावर पट्टी बांधली होती. राजवट आणि रयत यांतील हा भेद ध्यानांत ठेवला तर फादो ऐकण्यांत कोणत्याही स्वाभिमानी मराठी माणसाला संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

पुढें त्याच राजवटीनें फादोला आपल्या देशाचें भूषण म्हणून मिरविलें, त्यामुळें १९७४ च्या क्रांतीनंतर कांहीं वर्षें तें गाणें तरुणांच्या मनांतून उतरलें. परंतु आमालिया रोद्रिगीश या थोर गायिकेनें तें जगभर नेलें होतें. १९९९ सालीं ती वारली तेव्हां पोर्तुगालांत तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळण्यांत आला. २०११ सालीं युनेस्कोनें फादोची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. गरिबांच्या गल्लींतलें गाणें एवढ्या मानाला चढलें; पण मान वाढला तशी मोठ्या सभागृहांची ओढही वाढली, आणि लहान खोलीचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला.

गोव्यांत हें गाणें राज्यकर्त्यांच्या भाषेबरोबर आलें आणि पोर्तुगीज शिकलेल्या ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांत रुजलें. गोवा ही कांहीं संगीताला परकी भूमि नव्हे. दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांची ती जन्मभूमि. ख्रिस्ती समाजांतही चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन आणि स्वरलेखन पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें जात असे. त्या समाजानें एकोणिसाव्या शतकांत स्वतःचें एक गाणें घडविलें, तें मांडो. मांडो कोंकणींत आहे. त्याची चाल संथ, विषय बहुधा विरहाचा, साथीला व्हायोलिन आणि घुमट. मांडो संपला कीं त्यामागून चपळ चालीचें दुलपद येतें. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडें ताणून केलेलें वाद्य. पूर्वीं तें घोरपडीचें असे; वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाल्यापासून शेळीचें लावतात. गोवा सरकारनें २०१९ सालीं घुमटाला राज्याचें वारसा-वाद्य म्हणून मान दिला.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. त्यानंतर शाळांतून आणि कचेऱ्यांतून पोर्तुगीज भाषा गेली. मांडोची भाषा कोंकणी असल्यामुळें त्याला श्रोता उरला. फादोचा श्रोता मात्र वर्षागणिक कमी होत गेला. ज्यांना शब्द कळत ते वृद्ध झाले, ज्यांच्या दिवाणखान्यांत बैठकी होत तीं घरें कुलुपांत पडलीं. पोर्तुगीज गिटार वाजविणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. या शतकांत कांहीं कलावंतांनीं हा प्रवाह पुन्हा वाहता केला. सोनिया शिरसाट या गोव्याच्या गायिकेनें फादो देशोदेशीं गाइला आणि गोव्यांतील तरुणांना तो शिकविण्याचेंही काम हातीं घेतलें. पणजीच्या जुन्या वस्तींत, पोर्तुगीज गिटार वाजविणारे ऑर्लांदो द नोरोन्या यांच्या पुढाकारानें, ‘माद्रागोआ’ या नांवाचें फादो आणि मांडो यांचें एक लहानसें घर निघालें. माद्रागोआ हें लिस्बनमधील एका जुन्या वस्तीचें नांव आहे, आणि त्या नांवाच्या शेवटीं ‘गोआ’ ही अक्षरें आयतींच आलीं आहेत.

महाराष्ट्रांतही या भाषेचा एक ठिपका उरला आहे. रायगड जिल्ह्यांत रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशीं कोर्लई गांव आहे. १७४० सालीं मराठ्यांनीं चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांकडून घेतलीं. राज्य गेलें, पण गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें आजही पोर्तुगीजपासून बनलेली आपली स्वतंत्र बोली घरांत बोलतात आणि तिच्यांत गातात. चौफेर मराठीचा संसार असतां ही बोली पावणेतीनशें वर्षें टिकली, कारण तिला चूल, ओटी आणि अंगण या तिच्या जागा होत्या. जागा टिकली म्हणून गाणें टिकलें.

याच्या उलट उदाहरण शोधावयास असोद्याच्या बाहेर जावें लागत नाहीं. एके काळीं पहाटे घराघरांतून जात्याची घरघर आणि तिच्यावर ओवी ऐकूं येई. पिठाची गिरणी आली. गिरणीनें बायकांचे कष्ट वांचविले, हें उत्तमच झालें. त्याबद्दल कोणी हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु जातें उठलें त्या दिवशीं ओवीची जागा गेली. ओवीवर कोणी बंदी घातली नव्हती, ती कोणाला नकोशी झाली नव्हती. तिला बसावयास ठिकाण उरलें नाहीं, एवढेंच. बहिणाबाईंचीं गाणीं वांचलीं, कारण चिरंजीव सोपानदेव आणि घरांतील मंडळींनीं तीं टिपून ठेविलीं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजीं निवर्तल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं छापून निघालीं. त्यांच्या शेजारच्या जात्यांवर ज्या गाइल्या असतील, त्यांचें एक अक्षरही कोणापाशीं नाहीं. यावरून एक गोष्ट शिकावी. गाणें एकदम मरत नाहीं. आधीं त्याची जागा जाते, गाणें मागाहून जातें. म्हणून रात्र कोठें घालवावी हें ठरविणारा प्रवासी नकळत एका गाण्याचें भवितव्य ठरवीत असतो. तीस-चाळीस माणसांच्या घरांत दहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर त्या रात्रीचा खर्च निघत नाहीं. नौकेवर दहा माणसें कमी आलीं तर तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

आतां निवडीविषयीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट खोलीची. जुन्या घराचा दिवाणखाना, लांकडी तक्तपोशी, चुन्याच्या भिंती आणि पन्नासांच्या आंत माणसें, अशी जागा मिळाली तर ती निःशंक पसंत करावी. लांकूड आणि चुना आवाजाला गोलाई देतात. कांच आणि संगमरवर तो परत फेंकतात. शेवटच्या खुर्चींतून गायिकेचे ओंठ स्पष्ट दिसत असतील तर खोली योग्य मापाची आहे असें समजावें. मोठ्या हॉटेलांच्या उघड्या हिरवळीवर होणारे कार्यक्रम वाईटच असतात असें नाहीं. कलावंत तेच असतात. परंतु तेथें समुद्राचा वारा अर्धें गाणें घेऊन जातो.

दुसरी गोष्ट वाद्यांची. आगाऊ विचारणा करावी कीं साथीला कोण आहे. पोर्तुगीज गिटार प्रत्यक्ष वाजणार असेल तर फारच उत्तम. तिचा वादक नसेल आणि साधें गिटार किंवा मँडोलिन असेल, तरी चालेल. गोव्यांत पूर्वींही अशी सोय करून घेत. पण आधीं मुद्रित केलेल्या संगीतावर गाणें होणार असेल तर तेथें जाऊं नये. गायिकेनें ओळ लांबविली तर यंत्र तिच्यासाठीं थांबत नाहीं, आणि जेथें थांबतां येत नाहीं तेथें फादो नाहीं.

तिसरी गोष्ट जेवणाची. गाणें चालू असतांना वाढप चालू असतें काय, हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर ‘चालू असतें’ असें आलें तर ती जागा खाणावळ आहे, आणि गाणें तेथें लोणच्यापुरतें आहे. उत्तर ‘थांबतें’ असें आलें तर तें गाण्याचें घर आहे. कित्येक ठिकाणीं तिकिटांत जेवण किंवा मद्याचा पेला धरलेला असतो. मद्य न घेणाऱ्यानें तसें आधींच सांगितलें म्हणजे त्याच्याऐवजीं सरबत मिळूं शकतें. खानदेशांतील पुष्कळ कुटुंबें शाकाहारी आहेत. त्यांनीं पदार्थांची चौकशी दिवसाच करून ठेवावी. रात्रीं पंगतींत बसून माशावरून वाद घालण्यानें गाण्याचा आणि जेवणाचा, दोहोंचाही रस जातो. उलगडा न झाल्यास घरीं जेवून जावें आणि नुसतें गाणें ऐकावें.

चौथी गोष्ट अर्थाची. पोर्तुगीज येत नाहीं तर ऐकून काय करावयाचें, असें पुष्कळांना वाटतें. चांगल्या घरांत प्रत्येक गाण्यापूर्वीं त्याचा आशय कोंकणींत किंवा इंग्रजींत दोन वाक्यांत सांगतात. कोंकणीचा कान खानदेशी माणसाला नसला तरी थोडें अवधान ठेवल्यास बराचसा भाव उमगतो. जेथें आशय सांगतात आणि फादोबरोबर मांडोही गातात, ती जागा मराठी श्रोत्याला विशेष सोयीची. परक्या भाषेंतील हुरहूर आणि शेजारच्या भाषेंतील हुरहूर एकाच रात्रीं शेजारीं शेजारीं ऐकावयास मिळते.

पांचवी गोष्ट वेळेची. गोव्यांत फादो दररोज सगळीकडे होत नाहीं. ठरलेल्या वारीं, ठरलेल्या ऋतूंत कार्यक्रम असतात आणि खुर्च्या थोड्या असतात. म्हणून गोव्यास पोंचल्यावर नव्हे, तर जळगांवाहून निघण्यापूर्वींच विचारणा करून जागा राखून ठेवावी. उतरण्याचें ठिकाण दूरच्या किनाऱ्यावर असेल तर परतीच्या वाहनाचीही तजवीज करावी. नाहीं तर शेवटच्या गाण्याच्या वेळीं लक्ष घड्याळाकडे लागतें, आणि उत्तम गाणें बहुधा शेवटींच असतें. हीच पारख लिस्बनला गेलेल्या आप्तांनाही उपयोगी पडेल. तेथें प्रवाशांच्या मोटारी भरभरून येणारीं मोठीं फादोगृहें आहेत, तशींच लहान मद्यगृहेंही आहेत, जेथें शेजारचा न्हावी किंवा खानावळीची स्वयंपाकीण उठून हौसेनें गाते. या हौशी गाण्याला तेथें ‘भटका फादो’ म्हणतात. त्यांत सूर एखादे वेळीं घसरतो, पण खोली खरी असते.

जागा निवडून झाली कीं श्रोत्याचें काम संपत नाहीं. तेथून तें सुरू होतें. गाणें चालू असतां बोलूं नये, खुर्ची सरकवूं नये, मोबाइल उजळूं नये. मंद प्रकाशांत एक उजळलेला मोबाइल गायिकेच्या डोळ्यांत सुईसारखा शिरतो. लहान मुलें कंटाळतील तर त्यांना मध्यंतरांत बाहेर न्यावें. हिंदी चित्रपटाच्या गाण्याची फर्माईश करूं नये; लहान घराचा चालक पाहुण्याला नाहीं म्हणूं शकत नाहीं, आणि अशा चार फर्माईशी पुरविल्या कीं पांचव्या वर्षीं त्या घरांत फादो उरत नाहीं. दाद मात्र अवश्य द्यावी. एखादी ओळ हृदयाला भिडली तर लिस्बनचा श्रोता ‘आह फादिश्ता!’ असे उद्गार काढतो, आपण ‘वाहवा’ म्हणतों तसेच. कोइंब्रा या विद्यापीठाच्या गांवीं विद्यार्थी काळे झगे घालून फादो गातात, आणि तेथें परंपरेनें टाळ्या न वाजवितां घसा खांकरून दाद देतात. रीति निरनिराळ्या, पण ऐकणाऱ्यानें आपण ऐकलें हें गाणाऱ्याला कळवावें, हा भाव सर्वत्र एकच.

असें गाणें ऐकून आलेलें कुटुंब गांवीं परत येतें तेव्हां सामानांत कांहीं वाढलेलें नसतें. परंतु शांत बसून दुसऱ्याचें दुःख ऐकण्याची एक संवय त्यांच्याबरोबर येते, आणि ती असोद्यासही हवी आहे. आखाजीला झोक्यावर गाणाऱ्या माहेरवाशिणी, श्रावणांत कानबाईचीं गाणीं जाणणाऱ्या म्हाताऱ्या आजहि खानदेशांत आहेत. त्यांच्यापुढें कर्णा लावण्याची घाई न करतां, वीस माणसांनीं एखाद्या ओसरीवर दिवा मंद करून बसावें आणि त्यांना गाऊं द्यावें. ओसरी आहे तोंपर्यंत हें करतां येईल.